नऊ थरांची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे आणि सध्या मी रागात आहे. गोधडीनं रागावू नये अशी रीत आहे. तिनं मायेनं बोलावं, जुन्या आठवणी काढाव्यात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत थोडं पाणी आणावं आणि मग घडी होऊन गप्प पडावं. तसं मलाही येतं. पण गेल्या एप्रिलमध्ये माझ्याखाली एक माणूस मरता मरता राहिला. तेव्हापासून मला गोड बोलणं जमत नाही. सांभाळून घ्या.

माझा जन्म नेवासा तालुक्यातला, प्रवरेच्या काठच्या एका वस्तीवरचा. रंगुबाईनं मला शिवलं. तेव्हा तिचा मच्छिंद्र पोटात होता आणि तिला बसून करायचं काहीतरी काम हवं होतं. तिच्या लग्नातली पांढरी साडी वरच्या बाजूला, सासऱ्याचं धोतर खालच्या बाजूला, मध्ये आईचं लुगडं आणि नवऱ्याचे दोन फाटके सदरे जोडून केलेला एक थर. असे मोजून चार थर. काठापासून आत, काठापासून आत असा धावदोरा घालत ती मधोमध पोचली, त्याच आठवड्यात मच्छिंद्र जन्मला. मी त्याच्याहून चार दिवसांनी मोठी आहे. मोठेपणाचा मान मला कुणी दिला नाही, पण पहिले सहा महिने त्यानं मला रोज ओलं केलं, हे मी विसरलेले नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लोक म्हणतात, गोधडी ऊब देते. हा माझ्यावरचा सर्वांत जुना आळ आहे. माझ्याजवळ ऊब नाही. मला रात्रभर ओट्यावर टाका, सकाळी मी ओट्याइतकीच गार लागेन. ऊब तुमची असते. तुमच्या अंगातून ती बाहेर निघते, मी तिला दारात अडवते आणि माघारी पाठवते. माझं सगळं कर्तृत्व एवढंच. मी तापवत नाही, मी जाऊ देत नाही. थंडीत याला माया म्हणतात.

चार थरांची होते तोवर मी शहाणी होते. अंगावर घेतली तर थंडी राहायची बाहेर, आणि जास्त झालं तर ताप हळूच निसटून जायचा. पण रंगुबाईचा स्वभाव असा, की चिंधी टाकायची म्हटलं तर तिच्या जिवावर यायचं. मी विरले की ती वरून एक साडी चढवायची आणि पुन्हा टाके घालायची. मच्छिंद्र मोठा झाला, नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत लोखंड ओतण्याच्या कारखान्यात भट्टीवर लागला, तशी आई त्याच्यामागं आली आणि आईमागं मी आले. तिथं पत्र्याची खोली. लग्न झालं, विजयमाला सून म्हणून आली, तिच्या साड्या विरायला लागल्या. त्या नायलॉनच्या, वारा न जाणाऱ्या. पाचवा थर, सहावा, सातवा. माझ्या वजनाबद्दल कुणी काही बोललं, की रंगुबाई म्हणायची, "असू द्या वं. टाकायचं कशाला? चांगलं हाय कापड."

आठवा थर फ्लेक्सचा. हसू नका. कुणा एका भाऊंच्या वाढदिवसाचा फलक वाऱ्यानं सुटून आमच्या दारात पडला होता. रंगुबाईला तो ओल धरणार नाही म्हणून आवडला. दाभणानं भोकं पाडून तिनं भाऊंना माझ्या पोटात घातलं आणि वर नववा थर शिवून टाकला. तेव्हापासून माझ्या आत एक गृहस्थ हात जोडून उभे राहिले. माझ्या आत काहीही झालं तरी ते हसत असायचे.

नऊ थर झाल्यावर मला उचलायला दोन माणसं लागायला लागली. अंगावर घेणं बंद झालं. नागापुरात थंडी राहिली होती कुठं? मी पेटीखाली गेले. मग माझ्यावर इस्त्री फिरली. मग पावसात मोटरसायकलवर पडले. या काळाबद्दल मी फार बोलत नाही. गोधडीला दुःख होतं ते फाटण्याचं नव्हे, तिच्यावर पेट्रोलचा वास बसतो त्याचं.

आणि मग एक दिवस मला मान मिळाला.

वसुंधरा दिन आला होता. मच्छिंद्रच्या कारखान्याच्या मालकांनी त्या दिवशी आवारात कार्यक्रम ठेवला. विषय: तापती पृथ्वी आणि आपण. भट्टीच्या धुराड्याला दोन दिवस सुट्टी दिली होती, म्हणजे फोटो स्वच्छ येतील. पुण्याहून व्याख्याते यायचे होते, तुषार सर. त्यांनी आधी निरोप पाठवला, की प्रयोगासाठी एक जाड गोधडी हवी. मालकांनी कामगारांना विचारलं, मच्छिंद्रनं हात वर केला. दुसऱ्या दिवशी मला मोटरसायकलवर बांधून नेलं. पहिल्यांदाच मी मोटरसायकलवर बसले होते, तिला झाकायला गेले नव्हते. मी फुगले होते, हे कबूल करते.

मांडव पाहुण्यांच्या खुर्च्यांपुरता होता. त्यात दोन कूलर होते. कामगार समोर उन्हात ताडपत्रीवर. मधल्या मोकळ्या जागेत एक मोठा रांजण ठेवला होता, त्याला निळा-हिरवा रंग देऊन पृथ्वी केली होती. सगळे खंड होते, आपला देश जरा मोठा काढला होता. रांजणात कढत पाणी ओतलं, तोंडावर झाकण ठेवलं आणि वरून मला गुंडाळलं. कार्यक्रम अकराचा, सर आले साडेबाराला, पण तोपर्यंत मी पाणी कढतच ठेवलं होतं. सरांनी झाकण उघडून बोट घातलं, पटकन मागं घेतलं आणि म्हणाले, बघा.

मग ते जे बोलले ते खरं बोलले. मी नऊच्या नऊ थरांनी ऐकत होते. ते म्हणाले, सूर्याकडून पृथ्वीला ऊन मिळतं, आणि पृथ्वी आपल्या अंगातला ताप बाहेरच्या काळोखात सोडत असते. जेवढं येतं तेवढं जातं, तोवर सगळं ठीक. हवेचं एक पातळ पांघरूण तिच्या अंगावर पहिल्यापासून आहे. ते नसतं तर समुद्रसुद्धा गोठले असते. पण माणसानं दगडी कोळसा जाळला, पेट्रोल जाळलं, डिझेल जाळलं, त्याचा न दिसणारा वायू वर गेला, आणि पांघरुणावर थर चढत गेले. आता जेवढं येतं तेवढं जात नाही. आतलं अंग तापत राहतं. जाडजूड पांघरुणातूनही पुरेसा ताप बाहेर पडेल इतकं तापलं, की ते थांबेल. पण आपण थांबू देत नाही, दरवर्षी वर नवा थर घालतो.

एक फरक त्यांनी प्रामाणिकपणे सांगितला. माझ्यातून ऊन आत जात नाही. आकाशातली गोधडी मात्र उन्हाला आत सोडते आणि तापाला बाहेर जाताना धरते. म्हणजे ती माझ्याहून लबाड. बाकी उपमा चोख होती. इतक्या वर्षांत मला समजून घेणारा पहिला माणूस भेटला, असं मला वाटलं. मी वाट बघत होते, की आता हे गृहस्थ पुढचं वाक्य बोलतील. ते वाक्य शेंबड्या पोरालाही येतं: मग गोधडी काढा.

सर म्हणाले, "यावर उपाय आहे. छत्री."

हातगाडीवाल्यांकडे असते तसली मोठी रंगीत छत्री आणली होती. तिला बसवायला खालचा बुंधा नव्हता, तो आणायचा राहून गेला होता. म्हणून ती धरायला मच्छिंद्रला उभं केलं, कारण गोधडी त्याची होती. कारखाना सुरक्षित दिसावा म्हणून त्याला जाड गणवेश, बूट आणि हेल्मेट घालायला लावलं होतं. त्यानं छत्री रांजणावर धरली. फोटोवाला म्हणाला, "दादा, जरा बाजूला सरका, फोटोत पृथ्वी आली पाहिजे." मच्छिंद्र सरकला. सावली रांजणावर, माणूस उन्हात. पारा बेचाळीसला होता.

सर सांगत होते, की विमानं फार उंच न्यायची, तिथं बारीक भुकटी फवारायची, थोडं ऊन वरच्या वर परतवून लावायचं. पृथ्वी गार होईल. थोडीशीच भुकटी पुरते. ढगांना समुद्राच्या खारट पाण्याचा फवारा मारून अधिक पांढरं करायचं, असाही एक विचार आहे. अभ्यास चालू आहे. टाळ्या पडल्या. कूलरजवळच्या टाळ्या जास्त मोठ्या होत्या.

तेवढ्यात मच्छिंद्र बोलला. तो सभेत बोलणाऱ्यांतला नाही. पण अर्धा तास छत्री धरली की माणसाला प्रश्न पडतात.

"सर, गोधडीच काढली तर?"

सर घुटमळले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "ते खरं आहे हो मच्छिंद्रराव. पण ते अवघड आहे. गोधडी सगळ्यांची आहे, आणि एकालाही ती सोडवत नाही."

"मग छत्री किती दिवस धरायची?"

"गोधडी आहे तोवर."

"आन् धरणारा दमला तर?"

ताडपत्रीवर थोडं हसू झालं. मालक खुर्चीतूनच म्हणाले, "मच्छिंद्र, छत्री नीट धर. पृथ्वीवर ऊन येतंय."

त्यानंतर मालकांचं भाषण झालं. मग झाडं लावण्याची शपथ झाली. मग कुणीतरी कविता म्हटली, तिच्यात पृथ्वी आई होती. सर मधूनमधून छत्रीकडे बघत होते, पण पाहुण्यानं मध्ये कसं बोलायचं. एक तास दहा मिनिटं गेली. मला छत्रीच्या दांड्याची सावली दिसत होती. ती आधी स्थिर होती. मग ती लिहायला लागल्यासारखी हलायला लागली. मच्छिंद्रच्या कपाळावरचा घाम सुकला होता. घाम सुकला म्हणजे बरं वाटतंय, असं समोरच्यांना वाटलं. मग छत्री गेली, मग तो गेला. एका क्षणात सगळं ऊन रांजणावर, माझ्यावर, पुन्हा होतं तसं. छत्री धरणारा दमला तर काय होतं, याचं उत्तर त्याला मिळालं. फक्त ते ऐकायला तो शुद्धीवर नव्हता.

सरांनी धावत येऊन त्याला सावलीत ओढलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. मालक म्हणाले, उपाशी असेल, घरी सोडा. आणि आभारप्रदर्शन पुरं केलं. टेम्पोत मच्छिंद्रला झोपवलं आणि गोधडी त्याचीच म्हणून मलाही त्याच्याबरोबर टाकलं.

इथून पुढचं मला सांगवत नाही, पण सांगते.

दुपारी तीनची वेळ. पत्र्याची खोली आतून भट्टीसारखी. मच्छिंद्र काहीतरी बरळत होता, हातपाय कापत होते. रंगुबाईनं कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. म्हणाली, "आगं बया, थंडीताप हाय ह्यो. हुडहुडी भरलीय लेकराला. घाम फुटला की उतरंल." आमच्याकडे तापावरचा इलाज ठरलेला आहे, तुम्हालाही माहीत असेल. पांघरूण घालायचं आणि घामाची वाट बघायची. रंगुबाईनं आणि विजयमालानं मला दोन टोकांना धरून उचललं आणि त्याच्यावर टाकलं. चारी बाजूंनी खोचलं. पायाकडे जरा फट राहिली होती, तीही बुजवली. विजयमालानं पंखा बंद केला, वारं लागू नये म्हणून.

मित्रांनो, मी त्याला जन्मापासून ओळखते. त्याचं अंग इतकं कधी तापलेलं नव्हतं. भट्टीवरून येऊन झोपायचा तेव्हाही नाही. त्याच्या अंगातून ताप लोटत येत होता, आणि मी काय केलं? मला जे येतं तेच केलं. तो ताप मी त्याला परत दिला. पुन्हा आला, पुन्हा परत दिला. आतले भाऊ हात जोडून हसत होते, त्यांच्यातून तर वाफसुद्धा जात नव्हती. मला अंगावरून सरकता येत नाही. सरकता येत असतं तर गोधडी कशाला झाले असते.

घाम येईना. रंगुबाई घाबरली. शेजारच्या बाया जमल्या आणि प्रत्येकीनं एकेक उपाय सांगितला. एकीनं माझ्यावर पाणी शिंपडायला सांगितलं. शिंपडलं, ते फ्लेक्सपाशी थांबलं. एकीनं पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायला सांगितली. एकीनं कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी. कुणी चुकीचं बोलत नव्हतं. सगळे उपाय माझ्या वरून चालले होते आणि माझ्या खाली तो होता. मला हे सगळं कुठंतरी आधी ऐकल्यासारखं वाटत होतं. मग आठवलं. मांडवात, टाळ्यांसकट.

त्याच वेळी शेजारच्या खोलीतली मोनिका कामावरून आली. ती श्रीरामपूरची, नगरात एका दवाखान्यात नर्स आहे. दारातली चपलांची गर्दी बघून ती तशीच आत आली. मला बघितलं, त्याचा चेहरा बघितला, आणि हातातली पिशवी खाली टाकली.

"मावशी, काढा ते आधी."

"आगं, थंडी वाजतीय त्याला. वारं लागंल."

"त्याला थंडी वाजत नाही. तो शिजतोय."

रंगुबाईनं माझा काठ धरून ठेवला. म्हणाली, "मोनिके, त्याच्या जन्माची गोधडी हाय ती. तिच्यानं वाईट न्हाई व्हायचं."

मोनिका वाद घालत बसली नाही. उचलायला दोन माणसं लागणारी मी, तिनं एकटीनं ओढली. असा हिसका मी आयुष्यात खाल्ला नव्हता. मी दाराबाहेर, नळाच्या चिखलात जाऊन पडले. तिथून मला आतलं ऐकू येत होतं. गणवेश कापल्याचा आवाज, पंखा सुरू झाल्याचा, बादलीमागून बादली ओतल्याचा. समोरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आली, ती फोडून काखेत, मानेशी ठेवायला मोनिका सांगत होती. मग रिक्षा आली. मच्छिंद्रला भिजलेलाच उचलून नेलं. जाताना रंगुबाईचा पाय माझ्यावर पडला. तो तिनं मुद्दाम चुकवला नाही.

तो नऊ दिवस दवाखान्यात होता. पहिले तीन दिवस कुणी काही सांगत नव्हतं. आता घरी आहे. उजवा हात कापतो. डॉक्टरांनी सांगितलं, भट्टीपुढं पुन्हा उभं राहायचं नाही. कारखान्यातून त्याच्यासाठी एक सन्मानपत्र आलं, 'पृथ्वीमित्र' असं लिहिलेलं, आणि बरोबर कार्यक्रमाचा फोटो. फोटोत रांजण आहे, मी आहे, मालक आहेत, छत्री आहे. छत्रीच्या दांड्यावर एक हात आहे. हात कुणाचा ते फोटोत आलेलं नाही.

मी पंधरा दिवस बाहेर भिंतीवर पडून होते. मला आत घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि मलाही आत जायची इच्छा नव्हती. लोक येता-जाता म्हणायचे, हिच्यामुळं झालं. मला राग आला तो तेव्हा. मी चार थरांची होते तेव्हा पोर जगवलं. पाचवा थर मी मागितला नव्हता. मी कधी म्हटलं, की भाऊंना माझ्यात घाला? वर थर चढवताना दरवेळी कौतुक, आणि खाली माणूस शिजला की गोधडी वाईट. आणि त्या सभेतले सगळे शहाणे, त्यांना तर मी काय करते हे माहीत होतं. बोट घालून बघितलं होतं. तरी छत्री.

छत्रीशी माझं वैर नाही, हेही सांगते. काढायला वेळ लागणार असेल तर तोवर सावली धरा. पण एका हातानं धरा. दुसरा हात टाके उसवायला लावा. दोन्ही हातांनी छत्री धरलीत आणि वरून रोज एक थर चढवत राहिलात, तर एक दिवस हात कापतील. आणि मला आणखी एक विचारायचं आहे. छत्री धरायला उन्हात उभं कोण राहणार, ते कूलरपुढं बसून ठरवायचं का?

सोळाव्या दिवशी सकाळी रंगुबाईनं मला भिंतीवरून ओढत आणलं, दारात पसरलं आणि समोर बसली. हातात दाढीचं ब्लेड होतं. मला वाटलं, संपलं. मच्छिंद्र उंबऱ्यावर बसला होता.

"आये, चांगली गोधडी फाडतीस व्हय?"

"फाडत न्हाई. उतरवते."

तिनं नवव्या थराचा पहिला टाका कापला. मग दुसरा. तिला दिसतं कमी, बोटं आखडलेली. शिवताना तिला कधी इतका वेळ लागला नव्हता. शिवताना शेजारणी येऊन बसतात, गाणी होतात, काठ कसा साधलाय म्हणून हात फिरवतात. उसवताना कुणी येत नाही. पहिल्या दिवशी एक थर निघाला. दुसऱ्या दिवशी भाऊ निघाले, हसतच. तिनं त्यांना उलटं करून पत्र्यावर टाकलं आणि वर चार दगड ठेवले. खोलीत थोडं गार झालं. त्यांच्याकडून एवढी सेवा त्या वाढदिवसानंतर पहिल्यांदाच झाली असेल.

मग सातवा. मग सहावा, तो विजयमालाच्या आवडीच्या साडीचा होता. ती म्हणाली, "आत्याबाई, हा राहू द्या ना. एकानं काय होतंय?" रंगुबाईनं ब्लेड थांबवलं, वर बघितलं. म्हणाली, "मी बी परत्येक बारीला हेच म्हनले हुते, पोरी." आणि टाका कापला.

पाचवा निघाला तेव्हा खाली पांढरी साडी दिसली. पिवळी पडलेली, पेट्रोलचा डाग आरपार उतरलेली. रंगुबाई तिच्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिली. मग उठली आणि मला झटकलं. एकटीनं. मच्छिंद्रनं दुसरं टोक धरायला कापरा हात पुढं केला होता, त्याची गरज पडली नाही. तरी त्यानं ते धरलं.

"आता घेईन अंगावर," तो म्हणाला. "थंडी पडू दे."

मित्रांनो, मी परत चार थरांची झाले आहे. अंग दुखतं, टाक्यांची भोकं दिसतात, पण वारा लागतो. माझं ऐकाल तर एवढंच ध्यानात ठेवा. पृथ्वीच्या अंगावर जी पडली आहे, ती माझीच थोरली बहीण. तिला शिव्या देऊन काही होणार नाही आणि तिच्यावर पाणी शिंपडूनही. मला माझ्या अंगानं एकदाही सरकता आलं नाही. तिलाही येणार नाही. दारातून कुणीतरी आत यावं लागतं, हातातली पिशवी खाली टाकावी लागते आणि ओढावी लागते.